गिरजाबाईंच्या घरून चपाती गेली तेव्हा

गिरजाबाईंच्या घरी रोजची चपाती आली ती नितेशच्या नोकरीबरोबर. त्याआधी पेणच्या आमच्या आळीत त्यांच्याकडे दोन्ही वेळ भात आणि तांदळाची भाकरी. चपाती फक्त पाहुण्याला, नाहीतर तापातून उठलेल्याला. मुलगा नागोठण्याला कंपनीत लागला आणि पहिल्याच महिन्यात गव्हाची गोणी ओटीवर उतरली. शेजारीण म्हणून मी विचारलं, "मावशी, आत न्यायला हात लावू का?"

"राहूंदे गो, जरा वारा लागूंदे तिला."

गोणीला संध्याकाळपर्यंत वारा लागला. आळीतल्या प्रत्येकाने ती पाहिल्यावरच ती आत गेली.

बारा वर्षांनी तोच गहू डॉक्टरांनी घराबाहेर काढला.

नितेशची मृणाली सात वर्षांची. पोट सारखं फुगलेलं, दिवसाआड जुलाब, वजन सोळा किलोवर अडून बसलेलं. तपासण्या झाल्या आणि कळलं, पोरीच्या आतड्यांना गहू सोसत नाही. चपाती, पाव, बिस्किट, रवा, शेवया, मैदा सगळं बंद. महिना-दोन महिने नव्हे, जन्मभर. चिमूटभरही पोटात जाता कामा नये.

"सोसत नाय?" गिरजाबाई म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांना कुठं सोसत होता? परवडतच नव्हता!"

त्यांची सून अनिता रोह्याजवळच्या गावची, शिकलेली. तिने रात्रभर मोबाईल चाळून अशा पोरांच्या खाण्याची यादी काढली. किनोआ, बदामाचं पीठ, बाहेरून येणारा खास पाव. दुकानात जाऊन एका पाकिटाचा भाव विचारून आली आणि यादी घडी घालून ठेवून दिली. नितेश कंत्राटावरचा माणूस. त्या पाकिटावर घर चालवायचं तर बाकीच्यांनी उपास धरावा लागला असता.

उपासावरूनच गिरजाबाईंना सुचलं. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, रताळं. उपासाच्या डब्यांत गहू नावालाही नाही. झालं, त्यांच्या घरी मंगळवारी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी सुरू झाली. मी चिडवलं, "मावशी, देव गोंधळेल हो. कुठला उपास खरा आणि कुठला मृणालीचा?"

"देवाला कळतं. तुलाच कळत नाय."

मग एकेक बाहेर येत गेलं. तांदूळ-उडदाची घावनं, नाचणीची आंबील, बेसनाची धिरडी, वालाचं बिरडं, अळूवडी. पावसाळ्यात कातकरणी रानभाज्या घेऊन दारावर यायच्या, त्या वाट्यावर मिळायच्या. मृणाली "आज पण भाकरीच?" म्हणाली, की दुसऱ्या दिवशी त्याच पिठाच्या शेवया नारळाच्या दुधात पोहत असायच्या. पोळपाट, लाटणं, तवा सगळं नवं आणलं. गिरणीत गव्हावर तांदूळ दळला जाऊ नये म्हणून जातं धुऊन काढलं आणि घरीच दळायला बसल्या. दळताना माझ्या खिडकीकडे बघत मोठ्याने कण्हायच्या, म्हणजे मी मदतीला जावं. मी जायचे.

चपाती अख्ख्या घराने सोडली. नितेशच्या डब्यात भाकरी जायला लागली, तर शिफ्टमधले दोघे-तिघे तीच मागून खायचे आणि तो उपाशी घरी यायचा.

एवढं करूनही पोरीचं पोट दुखायचं थांबेना.

पोट दुखलं, की गिरजाबाईंचा इलाज ठरलेला. ताकात चमचाभर हिंग आणि बेंबीवर हिंगाचा लेप. त्यांच्या हाताला हिंगाचा वास कायमचाच. सीझनमध्ये त्या पोह्याचे पापड लाटून देतात, आणि "पेणच्या पापडाला हिंग पुढं, मीठ मागं" हे त्यांचं म्हणणं. आमटीत हिंग, बिरड्यात हिंग, भेंडीतसुद्धा हिंग. मी एकदा म्हटलं, "चहा तेवढा राहिलाय." तर त्या खरंच विचारात पडल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मृणाली रोह्याला आजोळी गेली. महिन्याने परत आली ती गाल वर काढून, दीड किलो वजन घेऊन. पोट एकदाही दुखलं नव्हतं. पेणला येऊन आठवडा झाला नाही तर पुन्हा तेच. पोट, ताक, हिंग. पुन्हा पोट.

त्यातून काय निष्कर्ष निघायचा तो निघाला. अनिता दबकत बोलली, पण बोलली. "गणपतीनंतर डॉक्टर पुन्हा वजन घेणारेत. अठरा भरलं नाय, तर मृणालीला आईकडं ठेवू. शाळाही तिथंच घालू." नितेशने मान खाली घातली, म्हणजे हो.

गिरजाबाई माझ्या ओटीवर येऊन बसल्या. पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

"अनिताची आई ठमाबाई म्हणते, पोरीला आमचा हात लागू पडतो. म्हणजे माझा हात काय इखाचा हाय?"

मी पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"तुझं माहेर रोह्याला ना?" त्यांनी विचारलं. "एकदा जाऊन ये. ठमाबाईच्या चुलीपाशी बस. ती काय घालते ते बघून ये. माझं नाव नको घेऊ हां."

गेले. आईला भेटायचं निमित्त होतंच. ठमाबाईंनी बसायला पाट दिला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "विहीणबाईंनी पाठवलं व्हय?"

"नाही हो, सहज आले."

"सहज कोन येतं? बस. बघ आनि जाऊन सांग."

मी बघितलं. तीच तांदळाची भाकरी, तीच नाचणी, तेच वाल, तसंच जात्यावरचं पीठ. तेल तापलं तसं त्यांनी मूठभर लसणाच्या पाकळ्या ठेचून टाकल्या. मी वाट बघत राहिले.

"हिंग नाही घालत?"

"हिंग? आमच्याकडं नाय कधी. ठमाबाईच्या घरात लसूण हाय तोवर हिंग कशाला गो?"

परत येऊन हे गिरजाबाईंना त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं, तर त्यांना आनंदच झाला. "बिनहिंगाचं बिरडं! अरेरे. आनि ते खाऊन पोरगी वाढते?" हसता हसता मध्येच थांबल्या. मीही थांबले होते. आम्ही दोघीही बहुधा एकाच डबीकडे बघत होतो.

फडताळातली हिंगाची पिवळी डबी मी खाली काढली. मागची अक्षरं मुंगीएवढी आणि इंग्रजी. चष्मा पुसून, दारात उजेडाला धरून वाचली.

"काय लिवलंय?"

"गव्हाचं पीठ," मी म्हणाले. "मग डिंक. आणि शेवटी हिंग."

खडा हिंग फार जहाल, म्हणून पीठ घालून तो सौम्य करतात, एवढं मलाही तेव्हाच कळलं. गिरजाबाईंनी डबी माझ्या हातून घेतली. झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं.

"चमचाभर घालायचे मी ताकात," त्या म्हणाल्या. "पोट दुखलं की. आनि दुखायचं थांबलं नाय, तर दोन."

घरात कोणाला सांगायलाच हवं होतं असं नाही. डबी गुपचूप परसात पुरली असती तरी चाललं असतं, मीही तोंड उघडलं नसतं. पण गिरजाबाई डबी घेऊन तडक मागच्या मोरीवर गेल्या आणि भांडी घासणाऱ्या अनितापुढे ती ठेवली.

"तुझी आई खरं बोलली गो. माझाच हात होता."

त्यांनी मग तिथेच उभं राहून रोह्याला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विहिणीला स्वयंपाकातलं काही विचारलं असेल.

"विहीणबाई, लसूण किती घालता? ... मूठ? तुमची का माझी?"

दोन दिवसांनी रोह्याहून एसटीने लसणाची पिशवी आली. इतकी मोठी की टोमणा कळायला चिठ्ठीची गरज नव्हती. फडताळ धुतलं गेलं. मृणालीपुरते पापड जिरं-मिरचीचे, बिनहिंगाचे वेगळे लाटले. ते लाटताना गिरजाबाईंचा चेहरा सुतकातल्यासारखा होता. पण पोरीने एका बैठकीत चार खाल्ले आणि ओटीवर उड्या मारायला गेली. ताकात आता जिरं असतं. पोट दुखत नाही, त्यामुळे ताक फक्त आवडीनं प्यायचं.

गणपती गेले. तपासणीच्या दिवशी गिरजाबाईंनी मलाही सोबत नेलं, "काट्याचं वाचायला कोनतरी हवं" म्हणून. काटा थरथरत अठराच्या पुढे एक रेघ जाऊन थांबला. अनिताने सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "शाळेची ह्या महिन्याची फी भरायची राहिलीय आत्या, परत जाताना भरू या."

गिरजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग नाकाला, मग सावरला. "अठरा किलो," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यातला अर्धा किलो नुसता ठमाबाईचा लसूण असेल."