चहाची दुसरी खेप

दारव्हा मागे पडले तशी दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी (कपाशी) दिसू लागली; पांढरी, निःशब्द, दवाने जड. जीप भरल्याशिवाय सुटली नव्हती, म्हणून गावातल्या शाळेत मी उशिरा पोचले. पावसाळ्यात इथल्या आठवीतल्या एका मुलीने आत्महत्या केली होती. त्यानंतर मुलांना कसे सावरावे, याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळाले. त्याचा उपयोग किती झाला, हे तपासायला मी आले होते.

वर्गशिक्षक राऊतसरांनी माझ्या प्रश्नावलीला अचूक उत्तरे दिली. "आता मुलं सावरली आहेत," ते म्हणाले. तुरीच्या पिवळ्या फुलांवरून येणाऱ्या वाऱ्यात हळदीचा, खिचडीचा वास मिसळला होता.

शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाईंनी ताटे पुढे केली. "जेवा बाई. फारमानं पोट भरते काय?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"एक इचारू? गेली त्या पोरीची मैत्रीण रोज चुलीपाशी येऊन बसते. म्हणते, 'आम्ही भांडलो होतो, माह्यामुळंच झालं. मलेबी जगू नाही वाटत.' म्या म्हटलं, तुह्यामुळं नाही व माय. पण कोणाले सांगू नको म्हणून तिनं शपथ घातली. चुकलं का माह्यं?"

सरांचा घास हातातच राहिला. "मले काहून नाही सांगतलं?"

"तुमच्या टरेनिंगात मी चहा देऊन राह्यली होती. लेकराचं आयकून घ्या, दोष देऊ नका, एवढं दारातून आयकलं. मंग दुसऱ्या खेपेचा चहा आणाले गेली."

मूल जिवाबद्दल असे बोलले तर ते गुपित ठेवायचे नाही, हे त्यानंतर सांगितले गेले होते. मला ते ठाऊक होते. निरीक्षक म्हणून मी तिथेच होते. दुसऱ्या खेपेतला चहा मीही घेतला होता. त्यात आले घातलेले होते.

"तुम्ही तिला जपलंत," मी म्हणाले. "पण ही शपथ आत्ता मोडायची."

सरपणाच्या ढिगाजवळ ती मुलगी बसली होती. सर तिच्याशेजारी मातीतच टेकले, शेवंताबाईही. तिने त्यांच्याकडे पाहिले.

"मावशी, तू सांगतलं?"

"हो व माय. रागाव मले. पण जित्ती राहून रागाव."

मुलीने तोंड शेवंताबाईंच्या पदरात खुपसले. धुराचा वास असलेला तो पदर बराच वेळ हलत राहिला.

दुपारी यवतमाळला समुपदेशकांकडे निघालेल्या जीपमध्ये ती, तिची आई, सर आणि मी होतो. आईने तिचा हात एकदाही सोडला नाही. माझ्या अहवालात कर्मचाऱ्यांचा रकाना होता. त्यात फक्त शिक्षकांची नावे छापलेली. खाली मी शेवंताबाईंचे नाव लिहिले. जीप हिंदकळत होती, अक्षर वेडेवाकडे आले. शिफारशींसाठी सोडलेल्या जागेत एवढेच मावले: पुढचे प्रशिक्षण खिचडी उतरल्यावर घ्यावे. शेवंताबाईंनी बसून ऐकावे. चहा आम्ही करू.