पाणपोईवरची तक्रार

आमच्या कोपऱ्यावरच्या पाणपोईवर आज एक गृहस्थ दोन पेले पाणी गटागटा प्यायले आणि तिसरा तोंडाला लावत गरजले, "काय हो हे, गार नाही!" मला खदखदून हसू आलं, आणि ते मध्येच थांबलं.

कारण सकाळी मीही हेच केलं होतं. मी मराठी टाइप करतो तो ओपन सोर्स प्रोग्राम काही अनोळखी माणसांनी फावल्या वेळात लिहून वेबवर सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवला आहे. त्यात एक जोडाक्षर फुटलं, तर मी त्यांच्या पानावर रंगमंच हादरेल अशी डरकाळी फोडली, "हा काय पोरखेळ लावलाय?"

घरी आलो, तर तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या एका शिक्षिकेचं उत्तर आलं होतं. "माफ करा काका, दहावीचे पेपर तपासत होते. आता दुरुस्त केलंय."

बायकोने खांद्यावरून वाचलं. "इतकी वर्षं वापरताय, कधी आभार मानलेत?"

"कुणाचे मानणार? पत्ता कुठे होता?"

"तक्रारीला बरा सापडला!"

मी आभार लिहायला बसलो. पण तेही त्या शिक्षिकेच्याच प्रोग्रामच्या अक्षरांत लिहावे लागले. माझ्याकडे दुसरी होतीच कुठे?