उघड्या फाटकापाशी

माध्यमिक शाळेच्या फाटकावरचे मामा शिस्तीचे पक्के होते. घंटा झाली की कुलूप; मग कोणी कितीही काकुळतीला येवो. उशिरा येणाऱ्याची त्या दिवशी गैरहजेरी लागे, असा नियमच होता. दहावीतली एक मुलगी धाकट्या भावाला बालवाडीत पोचवून धापा टाकत येई आणि बंद फाटकावरून माघारी जाई. पुढे ती यायचीच थांबली.

गैरहजेरी फार वाढली, तेव्हा मुख्याध्यापिकेने नियम बदलला: उशीर झाला तरी मूल आत घ्यायचे, हजेरी लावायची. मामांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा कासावीस झाला.

"बाई, हे त्या पोरीला कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा, मामा. तिला माघारी तुम्हीच पाठवलंत ना?"

संध्याकाळी मामा तिच्या उंबऱ्याशी गेले. मुलगी म्हणाली, "आज दार माझं आहे, मामा. लावून घेऊ का?"

"घे गं बाई, मी बाहेर थांबतो. पण उद्या ये. शेवटच्या तासाला ये, पण ये!"

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली, प्रार्थना झाली, वर्ग गजबजले. भक्ताने देवाची वाट पाहावी, तशी मामा त्या लेकराची वाट पाहत होते. दूरवर दप्तर दिसले की प्राण डोळ्यांत येत, आणि दप्तर दुसऱ्याच कुणाचे निघे.

शिपाई हसून म्हणाला, "मामा, चहा निवला. आत या की!"

"निवू दे रे. ती आली आणि मी इथं नसलो, तर तिला वाटेल, अजून बंदच आहे."