शाळेत गप बसणाऱ्या बाई

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि आपल्याला धक्का देईल असं या जगात आता काही शिल्लक न्हाई, अशी माझी पक्की समजूत होती. मंग राजूरच्या अलीकडं आमच्या गावाच्या शाळेत त्या बाई बदलून आल्या. साऱ्या जालना जिल्ह्यात, मी तर म्हणतो साऱ्या मराठवाड्यात, शिकवायचा पगार घेऊन बिलकुल न शिकवणारी एवढी कष्टाळू बाई दुसरी झाली नसेल.

शाळा म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज न्हाई. मी दुसरीपर्यंत शिकलेलो आहे आणि बराबर शिकलेलो आहे. आमच्या गुरुजींच्या हातात ओली छडी असायची आणि आमचे पाढे वेशीपर्यंत ऐकू जायचे. न्हाई गेले तर छडी बोलायची. या बाईंच्या शाळेतून आवाजच येईना. प्रार्थना झाली की पोरं आत जायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत अशी सामसूम, की एकदा आमच्या शेजाऱ्यानं शाळेला सुट्टी आहे असं समजून व्हरांड्यात म्हैस बांधली आणि निवांत शेतात निघून गेला. परत आला तर म्हशीपुढं एक पोरगी मांडी घालून बसलेली, आणि पुस्तक उघडून तिला गोष्ट वाचून दाखवून राह्यली! शेजारी घाबरला. आतून बाई आल्या. त्याला वाटलं, आता आपली खैर न्हाई. बाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. आज हिचा जोडीदार आला नव्हता. म्हैस छान ऐकते, मधे मधे बोलत नाही."

ही त्यांची पद्धत. रोज सकाळी कुणी एकट्यानं वाचायचं, कुणी जोडीदाराला वाचून दाखवायचं, कुणी मनानं काहीबाही लिहायचं, कुणी अक्षरांचे पत्ते जुळवून शब्द करायचे, कुणी बाईंच्या जुन्या मोबाइलवर गोष्ट ऐकायची. आणि आज काय करायचं ते पोरानं ठरवायचं. पोरानं! आमच्याकडं एवढ्याशा लेकराला घरात भाजी कोणती करायची तेसुद्धा कुणी विचारत न्हाई. कुणी पालथं पडून वाचतंय, कुणी टेबलाखाली शिरलंय, कुणी खिडकीत चढलंय. खुर्चीवर पुस्तकं बसलेली, आणि पन्नाशीच्या बाई खाली सतरंजीवर एखाद्या लेकराशेजारी कान लावून. वाचायलाही छापलेलं काहीही चालायचं. जालन्याहून स्कुटीवर गावात शिरल्या की दारोदार एकच विचारणा, "काही छापील आहे का हो घरात?" बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, लग्नपत्रिका, साबणाचे कागद, सगळं वर्गात दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखं लटकलेलं. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं तर त्यांना भंगारवाली समजून फुटकी बादली आणून दिली. बाईंनी तीबी घेतली. बादलीवर कंपनीचं नाव होतं ना!

एवढं सगळं मी सोसलं. पण एक दिवस शाळेच्या मैदानात हरभरा वाळत घालायचा होता, म्हणून सांगायला गेल्तो. दारातून नेहमीच्या आवाजात म्हणलो, "ओ बाई!" बाई उठल्या न्हाईत. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. माझ्याकडं बघून! मी हबकून वर्गाकडं बघितलं तर दुसरीत शिकणारी माझी नात कावेरी, तिचंबी बोट ओठावर. ज्या घरात माझ्यापुढं कुणी मोठ्यानं खोकत न्हाई, त्या घरातली पोर. मी तसाच फिरलो आणि पारावर येऊन चारचौघांत सांगून टाकलं, "उद्या नातीचा दाखला काढतो. परवापासून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. मी बोललो म्हणजे झालं." गाडीवाल्याला तिथूनच फोन लावला. चहावाला म्हणाला, "आप्पा, रात्री जरा विचार करा." म्हणलो, "विचार करायला मी काय नवखा हाय?"

संध्याकाळी सून हळूच म्हणाली, "आप्पा, लॉकडाऊनानंतर शाळा उघडली तवा पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. आत्ता कुठं बोलायलीय. तिकडं परत मुकी झाली म्हंजे?" मी म्हणलो, "तिकडंबी बोलंल." कावेरीनं सगळं ऐकलं. ती न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी दाखला मागायला गेलो. या खेपेला आवाज आपोआप बारीक झाला, कसा ते मला ठाऊक न्हाई. बाईंचा चेहरा पार उतरला. पण म्हणाल्या, "देते ना आप्पा. वाचनाची वेळ संपली की लिहून देते. आज कावेरीला जोडीदार नाही, तोवर बसता का?"

"म्हैस बोलवा," मी म्हणलो.

"ती आज शेतात गेलीय."

मंग काय, बसलो. कावेरी कोल्ह्याची एक गोष्ट वाचू लागली. घरात जिच्या तोंडून पाणी मागायला शब्द फुटत न्हाई, ती पोर घडाघडा वाचून राह्यली! मी नुसता बघत राह्यलो. एका शब्दाला ती अडली. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तिनं वर न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा ना आप्पा. मी काढून राह्यले." आणि काढला. पान संपलं तसं तिनं पुस्तक माझ्याकडं फिरवलं. "आता तुम्ही. एक पान मी, एक पान तुम्ही. असंच असतंय."

म्हणलो, चष्मा घरी राह्यला. बाईंनी पलीकडून स्वतःचा चष्मा काढला आणि एका लेकराच्या हाती पाठवून दिला. काय बाई आहे! सुटायला वाटच ठेवली न्हाई.

मी वाचू लागलो. दोन ओळी बऱ्या गेल्या आणि मंग एक जोडाक्षर आडवं आलं. आमच्या शाळेत याच जागेवर छडी यायची. इतक्या वर्षांनी माझा तळहात आपसूक मिटला आणि मागं गेला. पण सारा वर्ग आपापल्या कामात. कुणी हसलं न्हाई. कावेरी शेजारी नुसती बसून होती. सांगितलं न्हाई, जल्दी करा म्हणाली न्हाई. माझी वाट बघत होती. माझ्यासाठी असं कुणी कधी थांबलं होतं का, मला आठवेना. शेवटी शब्द निघाला. "बघा, निघाला की!" ती म्हणाली, हुबेहूब बाईंच्या आवाजात.

बाईंनी दाखला लिहून माझ्या हातात दिला. भांडल्या न्हाईत, विनवलं न्हाई. एवढंच म्हणाल्या, "तिकडच्या मॅडमना सांगा, हिच्यासाठी थोडं थांबायचं. थांबलं की ती बोलते." मी कागद खिशात घातला आणि घरी आलो.

त्या बाई आता बदलून दुसऱ्या तालुक्यात गेल्या. नवे गुरुजी मेहनती आहेत, पाढे पुन्हा वेशीपर्यंत ऐकू येतात. मला ते बरं वाटायला पाहिजे. कधीमधी शाळेवरून जाताना मात्र त्या सामसुमीची आठवण येते आणि पाय उगीच थबकतात. बाई खाली बसायच्या ते मला आजबी पटत न्हाई. मास्तरानं खुर्चीवरच बसावं. पण हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

तर, दाखला घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवाल्यानं पारापुढं हॉर्न वाजवला. चहा पिणारे सगळे कप थांबवून माझ्याकडं बघून राह्यले. कावेरी नव्या दप्तराचा पट्टा धरून खाली मान घालून उभी होती. मी गाडीवाल्याला म्हणलो, "जा पुढं."

"का आप्पा? शब्द फिरवला का काय?" चहावाला ओरडला.

"दाखला काढतो म्हणलो होतो, काढला," मी म्हणलो, आणि नातीचं बोट धरून शाळेकडं चालू लागलो. बाई सतरंजीवर बसल्या होत्या. मी दाखला त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्या जरा बाजूला सरकल्या. मी चपला काढल्या, खाली बसलो आणि कावेरीला म्हणलो, "वाच. मी बोलणार न्हाई."