लाल फुलीची पाटी

कुठलाही कागद हाती आला की मामा आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. वाळूजच्या कारखान्यात लेथवर बावीस वर्षं काढलेला माणूस, सगळ्यांचाच मामा. लोखंडी तुकड्याची कड तपासायची सवय कागदाच्या बाबतीतही सुटली नव्हती. मग म्हणायचे, "कच्चं काम हाय," आणि त्यानंतर वाचायला घ्यायचे.

मी कंपन्यांची नोंदणी करून देणाऱ्या ऑफिसात होतो. मामांनी शिफ्टच्या बसमधल्या आठ कामगारांची कंपनी काढली. मामा धरून आठ जण, सारखे शेअर. कागदावर संचालक दोघंच, मामा आणि त्यांचा लेथवरचा जोडीदार. शेअर अजून कुणालाच दिले नव्हते. उद्घाटन मात्र उरकलं होतं. आपल्याकडे मालाआधी फेटे येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. नावाची पितळी पाटी, आणि नारळ फोडायला पुंडलिकनगरचे एक पुढारी. त्यांना सगळे आबा म्हणत.

आठवड्यानं मामा आणि जोडीदाराला घेऊन आबा आमच्या ऑफिसात आले. "ऑर्डरी मी आणतो. निम्मे शेअर माझ्या नावावर करा, उरलेले तुम्ही वाटून घ्या."

मामांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "म्हंजे आम्ही आठ मिळून निम्मे, अन् तुम्ही एकटेच निम्मे?"

"ऑर्डर पाहिजे का नाय? माझ्याबिगर एकबी मिळायची नाय."

"पाहिजे. मालक नको."

जोडीदार पुटपुटला, "मामा, घ्या की. कारखान्यात तरी मालक हायेच ना?"

"तिथं आयता मिळतो. इथं आपल्या हातानं करून ठेवायचा व्हय?"

मग माझ्याकडे वळले. "भाऊ, कंपनी बंद करायला काय लागतं?"

"तुम्हा दोघांच्या सह्या. शेअर कुणाकडेच नाहीत, तेव्हा बाकी कुणाला विचारायचं नाही."

आबा उसळले. "नारळाचं पाणी वाळलं नाय अजून! लोक हसतील."

"हसू द्या. फेटे त्यांनीच बांधले व्हते."

दुसऱ्या दिवशी मामा पितळी पाटी आणि लाल रंगाचा डबा घेऊन आले. कारखान्यात फसलेल्या तुकड्यावर लाल फुली मारतात, म्हणजे तो कुणी चांगल्या मालात घुसडत नाही. मामांनी सावकाश पाटीवर फुली मारली. त्याच लाल बोटांनी कंपनी बंद करायच्या अर्जावर सही केली. जोडीदारानं डोळे पुसले आणि खाली आपली सही ठोकली.

आठ जणांची दुसरी कंपनी काही निघाली नाही. मामा निवृत्तीपर्यंत त्याच बसनं जात राहिले. आता तेही नाहीत. पाटी माझ्या टेबलावर आहे.

परवा एक नवे पुढारी कंपनी काढायला आले. मुहूर्त आधी ठरला होता, धंदा नंतर ठरायचा होता. पाटीकडे बघून म्हणाले, "ही कुणाची?"

मी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आठ जणांची," म्हटलं.