लौझच्या उतारावर दाऊदभाई

दुपारी फोन आला. "काका, अब्बा गेले," एवढंच दाऊदभाईंची मुलगी बोलली. त्याला आता महिना होत आला. पण डोळे मिटले की मला त्यांचं दापोलीजवळचं घर दिसत नाही. दिसतो तो तबूकपलीकडचा पांढरा डोंगर.

सौदीत तेलाच्या पैशावर जिकडेतिकडे रस्ते नि इमारती उठत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचा कॅम्प तबूकच्या बाहेर होता. मी साताऱ्याकडचा इलेक्ट्रिशियन. दाऊदभाई रिगर, म्हणजे क्रेनला अवजड माल बांधून वर चढवणारे. त्या हिवाळ्यात जबल अल लौझ या डोंगरावर बर्फ पडल्याचं कळलं आणि आम्हा दोघांनाही राहवेना. शुक्रवारी फोरमनची पिकअप मागून निघालो. पायथ्याशी शेकत बसलेल्या एका म्हाताऱ्या बदूनं, वाळवंटातल्या भटक्या मेंढपाळानं, आमचे कामावरचे बूट पाहिले, मान हलवली. सूर्य कलल्यावर वर थांबू नका, असं हातवाऱ्यांनी सांगून तो म्हणाला, "खलास." आम्ही हसून पुढे झालो.

चढताना बर्फ भुसभुशीत होता. शिखराखाली पोचलो आणि वारा एकदम पडला. उतरायला वळलो, तर सकाळी वितळलेलं पाणी पुन्हा गोठत होतं. आमच्याच पावलांचे ठसे काचेसारखे झालेले. खालची दरी ढगानं भरत आली. कुठेतरी एक दगड सुटला, गडगडत गेला, आणि तो तळाला पोचल्याचा आवाज आलाच नाही... दाऊदभाई थांबले. "सदा, आता बोलू नको. मी पाय ठेवीन तिथंच ठेव."

मी तिथंच ठेवला, तरी घसरलो. त्यांनी एका हातानं खडकाची कड धरली आणि दुसऱ्यानं माझं मनगट. त्यांच्या खांद्यातून काहीतरी निखळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"सोडा दाऊदभाई, तुम्हीपण याल!"

"गप. पायानं खाच शोध."

खाच सापडली. बाकीचा उतार आम्ही बसून, टाचा रुतवत उतरलो. ते एकदाही कण्हले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

तो हात पुन्हा कधी डोक्यावर गेला नाही. रिगरचा हात गेला म्हणजे काम गेलं. कफीलनं, म्हणजे तिथल्या मालकानं, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवला नाही; त्यांना गावी परतावं लागलं. निरोप देताना मला रडू आवरेना, तर म्हणाले, "अरे, उतरलो ना दोघं?"

परवा त्यांच्या घरी जाऊन आलो. मागच्या दारातून खाडीकडे जांभ्याच्या पायऱ्या उतरतात, शेवाळानं हिरव्यागार. त्यांच्या कडेनं, खांबाखांबाला गाठी मारत, वरपासून खालपर्यंत काथ्याचा जाड दोर ताणलेला आहे. भाभी म्हणाल्या, "दरवर्षी पावसाआधी नवा बांधायचे. एका हातानं. कुणाला हात लावू देत नसत."

मी दोर धरून खाली गेलो, पाण्याशी थोडा उभा राहिलो, परत वर आलो. एकही गाठ हलली नाही.

"यंदा कोण बांधणार?" भाभींनी विचारलं.

"मी येतो मे महिन्यात," मी म्हणालो.