डब्यात जपलेला बिल्ला

माझी वकिली तेव्हा नवी होती. द्वारका चौकात, टायरच्या दुकानावर, एका खोलीचं ऑफिस. खाली ट्रकवाल्यांचे हॉर्न सुरू झाले की बोलणं थांबवायचं, हा तिथला नियम. पेठ तालुक्यातलं एक जोडपं आलं, तेव्हा हॉर्न नसतानाही नवरा मध्येच थांबत होता. दोन शब्दांत धाप लागायची. शेवटी बायकोनंच सगळं सांगितलं.

भातकापणी झाली की तो मुकादमाबरोबर मजुरीला बाहेर पडायचा. त्या वर्षी मुकादमानं अणुवीज केंद्रावर नेलं. एक दिवस आत पाइप फुटला, पाणी सांडलं. ठेकेदारानं हातात फडकी दिली आणि आत पाठवलं. पुसून झाल्यावर अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी ट्रकमध्ये बसवून सगळ्यांना गावी पाठवून दिलं. पुढच्या कापणीपर्यंत त्याचं रक्त बिघडलं. भरपाई मिळाली तर उपचार होणार होते, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं ते.

सरळ तेवढंच! अणुअपघात झाला तर जबाबदार कोण, हे सांगणारा वेगळा कायदा तेव्हा देशात नव्हता. केंद्र म्हणे ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणे मुकादमाला, आणि मुकादमानं कधीच काखा वर केल्या होत्या. मी कामगार भरपाईचा दावा लावला.

सुनावणीत ठेकेदाराच्या वकिलानं बिल्ल्याचा विषय काढला. अंगाला किरणोत्सर्ग किती लागला हे मोजायला प्रत्येक मजुराच्या छातीवर तो बिल्ला असायचा. याच्या बिल्ल्यात काहीच निघालं नव्हतं.

"बिल्ला दिला होता ना तुला?"

हा गडी ताठ बसला. "दिलता की. आत जायच्या आधी काढून भाकरीच्या डब्यात ठेवायचो. मुकादम म्हनला, हरवला तर काम गेलं. सायेब, एक डाग पडू दिला नाय."

मी कपाळाला हात लावला. त्यांच्या घरी नवं भांडंसुद्धा पाहुणा आल्याशिवाय फळीवरून उतरत नाही. तसाच त्यानं बिल्ला जपला होता, आणि हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ती वस्तू खराब व्हायलाच दिलेली असते. समोरचा वकील हसून म्हणाला, "म्हणजे नियम यानंच मोडला." असा संताप आला मला! बिल्ला लावला म्हणावं तर काही लागलंच नाही, नाही लावला म्हणावं तर चूक याचीच.

ऑफिसात परतल्यावर नवरा बाकावर आडवा झाला. मी बायकोला म्हटलं, "ताई, त्या दिवसाचं काहीही आणा. चप्पल, टोपी, काहीही. तपासणीत त्यावर किरणोत्सर्ग सापडला ना, तर कसे नाही म्हणतात तेच बघते."

तिचा चेहरा एकदम उजळला. "कापडं हायेत ना, वकीलबाई! टाकली नाय मी. लय जाड व्हती, चांगली."

मला खरंच आनंद झाला. "मग उद्याच घेऊन या."

"उद्या कशी? उसवाया लागंल," ती म्हणाली. "गोधडी शिवलीय त्याची. पोरीला."

ती अजून हसतच होती, कामाचं काहीतरी निघालं म्हणून.

"केवढी आहे पोरगी?"

"आता धरून उभी राहती," ती म्हणाली. "त्या गोधडीबिगर झोपतच नाय."